फॉसिल ट्रेस, गोल्डन: गोल्फ न खेळता डायनासोरची पावलं बघता येतात का?

वेदांगी_ऑरोरा

नमस्कार मंडळी,

जुलैत आई-बाबा येताहेत. रॉकी माउंटन नॅशनल पार्क, गार्डन ऑफ द गॉड्स वगैरे नेहमीची यादी तयार आहे. पण परवा फोनवर बाबांनी वेगळंच काढलं. डेन्व्हरजवळ गोल्डनला म्हणे एक गोल्फ कोर्स आहे आणि तिथल्या भिंतींवर डायनासोरची पावलं आहेत. बाबा वरोऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे रस्त्यात वेगळा दगड दिसला की गाडी थांबवायला लावणारे. चिरंजीव दुसरीत आहेत आणि ट्रायसेराटॉप्सशिवाय (तीन शिंगांचा डायनासोर) दुसरा विषय नाही. नवऱ्याला नुकतंच गोल्फचं खूळ लागलंय. म्हणजे तिन्ही पुरुष खूश आणि आई आणि मी बाटल्या-टोप्या सांभाळत मागे, असा बेत दिसतोय. :)

मी राहते इथून अर्ध्या-पाऊण तासावर, पण कधी गेले नाही. गोल्फ न खेळणाऱ्यांना आत सोडतात का? सत्तरीच्या माणसांना झेपेल का? आणि मुख्य म्हणजे खरंच काही दिसतं, की एक खड्डा दाखवून 'हे पाऊल समजा' असा प्रकार आहे? अनुभव असेल तर लिहा.

बंड्या_बोल्डर

पहिला! उत्तर माहीत नाही, पण जागा धरून ठेवतो.

हुकलेला_पुट

वेदांगीताई, मी तिथे खेळलोय, म्हणून गोल्फची बाजू सांगतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पहिली गोष्ट, हा सार्वजनिक कोर्स आहे, गोल्डन शहराच्या मालकीचा. सभासदत्व, कोणाची ओळख, शिफारस असलं काही लागत नाही. ऑनलाइन वेळ घ्यायची, पैसे भरायचे, खेळायचं. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की क्लबचा दरवान डोळ्यांपुढे येतो, इथे अमेरिकेत चारपैकी तीन कोर्स कोणालाही खुले असतात. जुलैतल्या शनिवार-रविवारी मात्र सकाळची वेळ मिळणं कठीण, मिस्टरांना आधीपासून बघायला सांगा.

कोर्स २००३ साली सुरू झाला. आखणी जिम एंग यांची. जागा म्हणजे विटांच्या मातीच्या जुन्या खाणी. माती काढून नेली, मधले वालुकाश्माचे कठीण थर तसेच उभे राहिले आणि एंगसाहेबांनी ते पाडण्याऐवजी खेळात घेतले. १२ व्या होलला, ते पार-५ आहे (पाच फटक्यांत पुरं करायचं), फेअरवेमध्येच, म्हणजे खेळायच्या मधल्या हिरव्या पट्ट्यातच, दगडाचे सुळके उभे आहेत. मी मोठ्या ऐटीत ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) मारला. बॉल सुळक्यावर 'टक्' करून आपटला आणि माझ्या मागे येऊन पडला. गोल्फमध्ये उणे अंतर कापणारे फार नसतील. त्याच होलच्या ग्रीनपाशी (भोकाभोवतीची बारीक हिरवळ) भिंतीवर ट्रायसेराटॉप्सचे ठसे आहेत. लोक पटर (ग्रीनवर वापरायची काठी) हातात घेऊन आधी तिकडे जातात आणि मागचा गट कंबरेवर हात ठेवून वाट बघत उभा.

अजून एक. गोल्डन समुद्रसपाटीपासून १७०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून उंच. हवा विरळ, त्यामुळे बॉल साधारण दहा टक्के लांब जातो. मिस्टर घरी येऊन 'आज काय मारलाय!' म्हणाले तर कौतुक करा, पण दहा टक्के वजा करून.

न खेळणाऱ्यांनी कोर्सवर फिरायचं नसतं, ते धोक्याचंही आहे. पण तुम्हाला कोर्सवर जायची गरजच नाही. शेजारून ट्रेल जातो.

सोनकी

हुपु (हुकलेला_पुट) यांनी बरोबर दिशा दाखवली. त्या वाटेचं नाव ट्रायसेराटॉप्स ट्रेल. कोर्सला लागूनच, दीडेक मैलाची खडीची वाट आहे. तिकीट नाही. ६ व्या अॅव्हेन्यूवरून १९ व्या रस्त्याच्या बाजूने आत शिरायचं. जागोजागी पाट्या आहेत. डायनासोर रिज या जवळच्या जीवाश्मांच्या टेकडीची संस्था इथलंही बघते, त्यांच्यातर्फे माहितगार माणसाबरोबर फेरीही करता येते. बाबांसाठी मी तीच सुचवेन.

काय दिसतं ते सांगते. मुख्य वाटेवरून फाटे फुटतात आणि उभ्या भिंतींच्या मधल्या चरांत नेतात. एका भिंतीवर ट्रायसेराटॉप्सची पावलं. दुसरीकडे बदकचोच्या डायनासोरची, पक्ष्यांची. मांसाहारी डायनासोरचा तीन बोटांचा ठसाही आहे. पण माझा जीव अडकला तो बारीकसारीक गोष्टींत. ताडाच्या पानाची छाप, पंख्यासारखी पसरलेली, शिरा मोजता येतील इतकी स्पष्ट. कोलोराडोत ताड! एका ठिकाणी किडा चालत गेल्याची रेघ आहे. आणि पावसाच्या थेंबांच्या खुणा. कोट्यवधी वर्षांपूर्वीची एक सर, तेवढीच राहिली.

मुलांना पावलं पटकन दिसत नाहीत, हे आधीच सांगते. आमच्या कन्येने पहिली पाच मिनिटं "कुठंय? कुठंय?" करून डोकं खाल्लं. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं तेव्हा भिंत सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. ऊन तिरपं पडलं की उंचवट्यांच्या कडेला सावली धरते आणि आकार एकदम बाहेर येतो. छोटी टॉर्च न्या, भिंतीला समांतर धरून प्रकाश टाका. भिंतीला हात मात्र लावू देऊ नका.

तिरपागडा

एक गंभीर तांत्रिक शंका. बॉल डायनासोरच्या पावलात जाऊन बसला तर रिलीफ (दंडाशिवाय बॉल हलवायची सूट) मिळतो का? की जसा आहे तसा खेळायचा? पाऊल ६.८ कोटी वर्षं जुनं असेल तर 'अडथळा तात्पुरता' म्हणता येणार नाही.

प्रस्तर

तिरपागडा, तुमचा बॉल तिथे बसूच शकत नाही. कारणं दोन. भिंत उभी आहे, आणि ठसा आत गेलेला नसून बाहेर आलेला आहे.

हे जरा नीट लिहितो, कारण तिथे गेलेले निम्मे लोक खड्डा शोधतात आणि निराश होतात. धागाकर्तीची शंकाही तीच आहे.

६.८ कोटी वर्षांपूर्वी हा भाग सपाट, दमट किनारी प्रदेश होता. उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेला उथळ समुद्र मागे हटत होता. दलदल, नद्या, ताडाची झाडं. चिखलावरून ट्रायसेराटॉप्स चालला, पाय रुतला, खळगा झाला. पुढच्या पुरात नदीने त्यावर वाळू आणून टाकली, खळगा वाळूने भरला. काळाच्या ओघात चिखलाची माती झाली आणि वाळूचा दगड. पुढे रॉकी पर्वत उचलले जात असताना हे थर असे वाकले की आडवे होते ते जवळजवळ उभे झाले. मग माणूस आला. त्याला विटांसाठी माती हवी होती. दोन दगडी थरांमधली मऊ माती त्याने खणून नेली, दगड सोडून दिला. शाडूच्या गणपतीचा साचा काढून घेतला की आतली मूर्ती राहते तसं झालं. साचा विटा होऊन डेन्व्हरच्या घरांत गेला, मूर्ती भिंतीवर राहिली. म्हणजे तुम्ही वाळूच्या थराची खालची बाजू बघत असता, आणि पाऊल फुगीर दिसतं.

म्हणून तिथे गेल्यावर डोक्यातून 'खड्डा' काढा आणि 'टेंगूळ' शोधा. लगेच दिसतील.

शास्त्रीय महत्त्वही मोठं आहे. शिंगवाल्या डायनासोरच्या पावलांना 'सेराटॉप्सिपेस गोल्डनेन्सिस' हे नाव मार्टिन लॉकली आणि एड्रियन हंट यांनी १९९५ मध्ये याच ठशांवरून दिलं. गोल्डन गावाचं नाव त्यातच आहे.

बंड्या_बोल्डर

प्रस्तर सर, दंडवत. वाचनखूण साठवली.

काकू_न्यूजर्सी

वेदांगी, पुरुष मंडळी दगड आणि दांडूवर लिहितायत, मी पायांवर लिहिते. सत्तरीच्या माणसांना मुख्य वाट झेपते, फार चढ नाही. पण खडी आहे, चप्पल-सँडल नको, बूट घाल म्हणावं आईला. चरांत वारा लागत नाही आणि दोन्ही बाजूंचा दगड तापतो, त्यामुळे जुलैत अकराच्या आत बाहेर पडायचं. उंचीमुळे पहिले दोन-तीन दिवस म्हाताऱ्या माणसांना धाप लागते, डोकं दुखतं. आल्या आल्या तिकडे नेऊ नकोस. पाणी घरून न्यायचं, इतर सोयींची अपेक्षा ठेवायची नाही. त्या भागात रॅटलस्नेक असतात, तेव्हा नातवाला झुडपात काठी घालू देऊ नको. आणि दुपारनंतर कोलोराडोत ढग येतात, विजा पडतात. तुझे मिस्टर उघड्यावर हातात लोखंडी दांडा घेऊन उभे असतील, त्यांनाही सकाळचीच वेळ घ्यायला सांग.

हुकलेला_पुट

काकूंना +१. विजांचा भोंगा वाजला की राउंड अर्धवट सोडून आत यायचं, 'एवढं होल संपवतो' नाही.

वेदांगी_ऑरोरा

सगळ्यांचे आभार! काकू, तुमचा प्रतिसाद आईला पाठवला. तिने "या बाईंना घरी जेवायला बोलव" असा निरोप दिलाय.

प्रस्तर यांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, आपल्या पिसदुऱ्यालाही डायनासोर होते, पण कोणी गोल्फ कोर्स नाही बांधला." मला वाटलं गंमत करताहेत. आमच्या वरोरा तालुक्यात खरंच डायनासोर?

प्रस्तर

बाबा सोळा आणे बरोबर आहेत. पिसदुरा हे भारतातल्या डायनासोर अभ्यासकांना चांगलं ठाऊक असलेलं गाव. तिथल्या लॅमेटा थरांत (डायनासोरच्या शेवटच्या काळातले खडक) टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडं आणि अश्मीभूत शेण भरपूर मिळतं. शेतात फिरताना पायाखाली येतं.

आणि हे शेण गोल्फच्या धाग्यावर अजिबात अवांतर नाही! २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध लिहिला. पिसदुऱ्याच्या त्या शेणात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले होते. तोवर समज असा की गवताचा प्रसार डायनासोर संपल्यानंतरचा. चंद्रपूरच्या शेणाने दाखवलं की गवताच्या निरनिराळ्या जाती डायनासोरच्या वेळीच होत्या आणि ते त्या खातही होते. फेअरवेवरच्या गवताचा इतिहास लिहायचा तर त्यातला महत्त्वाचा पुरावा वरोरा तालुक्यातला आहे.

तिरपागडा

म्हणजे पहिले ग्रीनकीपर आमचे विदर्भातले! कापणीही तेच करायचे, खतही तेच घालायचे.

गवत्या

रंगाचा बेरंग करतो, हलके घ्या. पण मला हे सगळं खटकतं. अशी जागा जगात किती आहेत? आणि तिथे काय केलं तर गोल्फ. कोरड्या प्रदेशात हिरवळीला पाणी पाजायचं, खतं मारायची, आणि पाऊल बघायचं तर बाजूच्या वाटेने. संपूर्ण जागा उद्यान का नाही केली? 'लोकांसाठी खुला' म्हणजे फी भरणाऱ्या लोकांसाठी खुला.

हुकलेला_पुट

गवत्या, पाण्याचा मुद्दा मान्य. पण क्रम बघा. गोल्फ कोर्सने जंगल तोडलेलं नाही. तिथे खाण होती, एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली, सव्वाशेएक वर्षं चाललेली, पार्फेट कुटुंबाची. खणून टाकलेली जमीन होती. शहराने ती हातात घेतली, भिंती ठेवल्या, ट्रेल ठेवला. तो भाग पार्फेट प्रीहिस्टॉरिक प्रिझर्व्ह म्हणून राखलेला आहे आणि ट्रेलवर पैसे लागत नाहीत. तिथे घरांचा प्रकल्प आला असता तर कोणाच्या परसात ट्रायसेराटॉप्स बार्बेक्यूच्या धुराने काळा झाला असता.

प्रस्तर

आणि खाण नसती तर ठसे दिसलेच नसते. ते मातीच्या आत होते. गवत्या, या जागेपुरतं तरी बघा, खाणीने विद्रूप केलं आणि खाणीनेच उघडं केलं. मला स्वतःला गोल्फ कळत नाही, पण या ठिकाणी त्याच्यावर राग काढणं पटत नाही.

गवत्या

खाणीपुरतं मान्य. फीबद्दलचं म्हणणं कायम.

कातळवाट

गवत्यांचा आक्षेप गोल्डनला लागू नसेल, पण दुसऱ्या एका ठिकाणी पुरेपूर लागू होता. ओहायोतलं न्यूअर्क.

तिथे सुमारे २००० वर्षांपूर्वी होपवेल या प्राचीन मूलनिवासी संस्कृतीच्या लोकांनी मातीचे बांध घालून एक प्रचंड अष्टकोन आणि त्याला जोडून वर्तुळ रचलं. अष्टकोनच जवळपास ५० एकरांचा. चंद्र क्षितिजावर ज्या टोकाच्या जागी उगवतो, ते चक्र १८.६ वर्षांचं आहे, आणि त्याच्याशी या रचनेच्या दिशा जुळतात. या बांधांवर १९१० पासून एका क्लबचा भाडेकरार होता. बांधांवरून आणि मधून गोल्फ चालायचं. सर्वसामान्यांना पूर्ण जागा फिरून बघायला वर्षाचे चार दिवस. ज्यांच्या पूर्वजांची ती भूमी, त्या मूलनिवासी लोकांनाही तेच. ईस्टर्न शॉनी जमातीच्या प्रमुख ग्लेना वॉलेस यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. प्रकरण न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या इतिहास संस्थेच्या बाजूने निकाल दिला, २०२३ मध्ये जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली, नंतर क्लबशी तडजोड झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून अष्टकोन सगळ्यांना खुला झाला.

तर माझं मत असं. ट्रायसेराटॉप्सने ते पाऊल कोणासाठी ठेवलं नव्हतं. तो चालला आणि गेला. न्यूअर्कचे बांध माणसांनी टोपल्या टोपल्या माती वाहून, मनात काही धरून घातले. पहिल्याच्या शेजारी खेळणं आणि दुसऱ्याच्या अंगावर खेळणं यात मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

आम्हा रत्नागिरीकरांना हे जास्त टोचतं. आमच्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या माळांवर) कातळशिल्पं आहेत. हत्ती, मासे, माणसं, नुसत्या भौमितिक आकृत्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांतली काही स्थळं आली, गुगलवर सगळे बघतात. पण सड्यावर चिरेखाण सुरू झाली की शिल्प असलेला जांभाच कापून नेला जातो. गोल्डनला खाणीने ठसे उघडे पाडले. आमच्याकडे खाण नेमकी उलटं करते. अशा वेळी मला कधी कधी वाटतं, गोल्फ कोर्स परवडला.

गवत्या

कातळवाट, न्यूअर्कचं माहीत नव्हतं. हा स्वतंत्र धाग्याचा ऐवज आहे. नक्की काढा.

सोनकी

+१. आणि कातळशिल्पांवरही.

तिरपागडा

महाराष्ट्रात सार्वजनिक गोल्फ कोर्स आहे का हो? नाहीतर आम्ही आपलं गुगल मॅपवरच 'फोर!' (बॉल येतोय, सांभाळा!) ओरडतो.

हुकलेला_पुट

खारघर! सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स. क्लबचं सभासदत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतं. सुरुवातीला ११ होलचा होता. तिन्ही बाजूंना डोंगर, पावसाळ्यात त्यांच्यावरून धबधबे. निसर्गाच्या बाबतीत गोल्डनला हार जाणार नाही. पावलं मात्र फक्त काठ्या वाहणाऱ्या कॅडींची.

प्रस्तर

खारघरचे डोंगर बेसॉल्टचे, लाव्हाचे. तप्त लाव्हात जीवाश्म कुठून टिकणार? पण दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये जेव्हा जेव्हा उसंत मिळाली, तेव्हा तळी झाली, त्यात जीव आले आणि ते गाळात राहिले. मुंबईत वरळीच्या अशाच थरात बेडकांचे जीवाश्म सापडलेत. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. डायनोसॉरिया ही संज्ञा दिली तेच ओवेन.

आणि गोल्डनमध्येही लाव्हा आहे! वेदांगी, बाबांना हे जरूर दाखवा. गावाच्या पूर्वेला नॉर्थ आणि साउथ टेबल माउंटन आहेत. माथा सपाट, खाली उभा काळा कडा, त्याखाली उतार. वरचं टोपण लाव्हाचं, डायनासोर संपल्यानंतरच्या काळातलं. सह्याद्री बघितलेल्या माणसाला पहिली शंका येते ती वर तटबंदी आणि टाकं असेल का याची.

साउथ टेबल माउंटनवर १८७४ मध्ये एक मोठा दात सापडला. तो टी-रेक्सचा, हे कळायला बराच काळ गेला, कारण टी-रेक्सला नावच १९०५ मध्ये मिळालं. ट्रायसेराटॉप्सची कथा त्याहून मजेशीर आहे. १८८७ मध्ये डेन्व्हरजवळ शिंगांची एक जोडी मिळाली. ती येल विद्यापीठात ओथनियल मार्शकडे गेली. एवढा मोठा तज्ज्ञ, त्याने शिंगं बघितली आणि प्राचीन रानगवा म्हणून नाव देऊन टाकलं: बायसन अल्टिकॉर्निस. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, आणखी चांगले अवशेष हाती आल्यावर त्याने ट्रायसेराटॉप्स हे नाव दिलं.

बंड्या_बोल्डर

पीएचडीच्या मार्गदर्शकाला हा परिच्छेद पाठवतोय.

काकू_न्यूजर्सी

वेदांगी, गाडी नसेल त्या दिवशी कसं जायचं गं? माझी बहीण येतेय डेन्व्हरला, तिलाही सांगते.

सोनकी

काकू, डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून डब्ल्यू लाइनची लाइट रेल घ्यायची आणि शेवटच्या स्थानकावर उतरायचं, जेफरसन काउंटी गव्हर्नमेंट सेंटर. काउंटीच्या त्या इमारतीला घुमट आहे, म्हणून इथले लोक तिला 'ताज महाल' म्हणतात. गोल्फ कोर्स तिथून जवळच आहे. पण ट्रेलची सुरुवात दुसऱ्या टोकाला, तेव्हा उन्हात चालवण्यापेक्षा पुढे टॅक्सी करा.

तिरपागडा

सासूबाईंना सांगा, "अमेरिकेत ताज महाल दाखवते." तिथे नेल्यावर कोर्ट-कचेरी निघाली की मग धागा काढा, आम्ही येतोच.

संपादक

न्यूअर्क आणि कातळशिल्पांवरचे पुढचे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यावर. कातळवाट यांनी धागा काढला की इथे दुवा देऊ.

वेदांगी_ऑरोरा

जाऊन आलो! वृत्तांत देते.

सकाळी सातच्या आत पोचलो. नवरा कोर्सवर, आम्ही चौघं ट्रेलवर. ऊन तिरपं होतं. 'टेंगूळ शोधा' हा सल्ला मुलाला आधीच पाठ करून घेतला होता, त्यामुळे पहिली दोन पावलं त्यानेच दाखवली, तेही माहिती सांगणाऱ्या बाईंच्या आधी. मग तो दोन पावलांमधलं अंतर स्वतःच्या टांगेने मापत बसला. पुरेना, म्हणून आजोबांना उभं केलं.

बाबा ताडाच्या पानापाशी थांबले ते हलेनात. चष्मा वर करून, नाक भिंतीजवळ नेऊन बघत होते. त्या बाईंना त्यांनी पिसदुऱ्याचं सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. बाईंनी वहीत गावाचं नाव लिहून घेतलं. बाबांनी स्पेलिंग दोनदा तपासलं.

आईचं म्हणणं, डायनासोर ठीक आहे, पण त्या किड्याची रेघ बघून तिला जास्त नवल वाटलं. सोनकी, तुमचीच जातकुळी! चरांत दहानंतर खरंच तापतं. काकूंचं ऐकून आम्ही त्याआधीच बाहेर पडलो.

वाटेत एकदा पलीकडून "फोर!" ऐकू आलं आणि आम्ही सगळे डोकी धरून खाली बसलो. बॉल आमच्याकडे आला नाही. मारणारा कोण होता ते मी विचारलेलं नाही. नवऱ्याचा १२ व्या होलचा अनुभव हुपु यांच्यासारखाच, फक्त त्याचा बॉल सुळक्यावरून परत न येता कायमचा गेला.

एकच सांगायचंय. वाटेवर काही लोक मुलांना भिंतीवर चढवून फोटो काढत होते. पाटीवर नको म्हणून लिहिलंय, तरीही. त्यात एक आपलंच मराठी कुटुंब होतं. बाबांनी शिक्षकी आवाजात "बाळा, खाली उतर" म्हटल्यावर उतरले.

हुकलेला_पुट

मिस्टरांना सांगा, त्या सुळक्यांच्या बुंध्याशी माझेही काही बॉल आहेत. जीवाश्म झाले की बघू.

प्रस्तर

वा! जमलं तर डायनासोर रिजही करा, दक्षिणेला थोड्याच मैलांवर. तिथले ठसे साधारण १० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि टेकडीच्या दुसऱ्या बाजूची हाडं १५ कोटींच्या आसपासची. १८७७ मध्ये आर्थर लेक्स या गोल्डनच्या शिक्षकाने तिथली हाडं प्रथम शोधली आणि पहिला स्टेगोसॉरस (पाठीवर तबकड्या असलेला डायनासोर) तिथलाच. बाबांना शिक्षक म्हटल्यावर आवडेल. गुडघे कुरकुरत असतील तर तिथे माहिती सांगणाऱ्यासह बस असते.

रानजाई

उशिरा आले धाग्यावर. आम्ही जानेवारीत जाणार आहोत, बर्फात काही दिसेल का? मुलगा खेळणार नाही, फक्त ट्रेल.

सोनकी

रानजाई, ताजा बर्फ पडल्यावर लगेच जाऊ नका, चरांत सावली असते आणि वाट निसरडी होते. दोन-तीन दिवस ऊन पडू द्या. भिंती उभ्या आहेत, त्यांच्यावर बर्फ फारसा थांबत नाही. हिवाळ्यात सूर्य दिवसभर खाली असतो, त्यामुळे तिरप्या उन्हासाठी पहाटे उठायला नको. बुटांना तळाशी पकड असलेले घ्या.

रानजाई

धन्यवाद, पहाटे उठायचं नाही हे वाचूनच निम्मं काम झालं.